जित्या माणसाचं सुतक

"तुमच्याकडे कोणी गेलं का हो?" समोरच्या फ्लॅटमधल्या अंजलीवहिनींनी दारातच, आवाज खाली करून विचारलं. त्यांच्या हातात कापण्यांची ताटली होती, वर वर्तमानपत्राचा कागद, आणि ती अर्धी माझ्या हातात अर्धी त्यांच्याच हातात अशी मधेच थांबली. मी म्हटलं, "कोणी नाही. का?" त्या म्हणाल्या, "नाही, आखाड सरत आला तरी तुमच्या घरून तळणाचा वास नाही आला या वर्षी. म्हटलं गावाकडं काही झालं असेल, आपल्याला कळलं नसेल, भेटायला तरी जायला पाहिजे." बोलता बोलता त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. टिकली होती. मग माझ्या खांद्यावरून आत, सोफ्यावर पाय घेऊन टीव्ही बघत बसलेल्या गोरक्षकडे बघितलं. नवराही होता. त्यांचा जीव भांड्यात पडला, ताटली पूर्ण माझ्या हातात आली, आणि "बरं बरं, सावकाश द्या ताटली" म्हणत त्या गेल्या. मी दार लावलं आणि तशीच उभी राहिले. कागदावर तेलाचा डाग हळूहळू पसरत होता.

आषाढाला आम्ही आखाड म्हणतो आणि आखाडात घरोघर कढई चढते. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुलगुले, भजी. देवीला दाखवायचं, शेजारी वाटायचं, उरलेलं डब्यात भरायचं आणि आठवडाभर येता-जाता तोंडात टाकायचं. का तळायचं ते कोणी सांगत नाही, पण न तळून चालत नाही. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या या इमारतीत माणसं कुठकुठली आहेत, कोणी निफाडचं, कोणी सटाण्याचं, कोणी थेट नगरकडचं. एकमेकांची नावंसुद्धा धड ठाऊक नाहीत. पण या महिन्यात जिन्यातून वर येताना प्रत्येक मजल्यावर तोच वास येतो आणि आत काय शिजतंय ते दार न उघडता समजतं. न तळणारं घर एकच. ज्या घरातलं माणूस गेलंय ते. तिथे वर्षभर सणाची कढई चढत नाही. म्हणजे वहिनींचं काही चुकलं नव्हतं. धूर नाही म्हणजे मयत, एवढा साधा हिशेब त्यांनी केला होता.

"कोण होतं?" गोरक्षने विचारलं. "वहिनी. कापण्या दिल्यात." टीव्हीवरून त्याची मान वळली. एरवी भूकंप झाला तरी वळत नाही. "आण की इकडं." मी ताटली फ्रिजवर ठेवली आणि फ्रिजपुढे उभी राहिले. "एक," तो म्हणाला. "नाही." "अर्धी." "अहो, नाही म्हटलं ना." तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं, पण हा माणूस हसतो. त्याच्या हसण्याशी भांडता येत नाही हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं. म्हणाला, "मी ऐकलं वहिनी काय म्हणाल्या ते. सांगायचं होतंस, मीच गेलो म्हणून. चार महिने तुझं हे सुतकातलं जेवून मला तरी तसंच वाटायला लागलंय." आणि परत टीव्हीकडे वळला.

सुतकातलं. हा शब्द त्याने पहिल्यांदा काढला तो गुढीपाडव्याच्या दिवशी. त्याच्या आधी अंबडच्या त्याच्या कारखान्यात तपासणीचं शिबिर झालं होतं. गोरक्ष तिथे माल तपासतो. बनून आलेला एकेक भाग हातात घेऊन मापायचा, केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला टाकायचा. त्याने नापास केलेला भाग साहेब हातापाया पडले तरी पास होत नाही, असं त्याचा मित्र संतोष कौतुकाने सांगतो. शिबिरात पहिल्यांदाच दुसऱ्या कोणी त्याला मापलं. रक्त, वजन, कंबर, ईसीजीच्या कागदावरच्या त्या वेड्यावाकड्या रेघा. रिपोर्ट घ्यायला मी बरोबर गेले होते. डॉक्टरीण तरुण होती, चष्म्यावरून बघणारी. तिने विचारलं, वडील कशाने गेले? हार्टने. भाऊ? हार्टनेच. किती वयाचे होते? गोरक्षने दोघांचीही वयं सांगितली, सटाण्याच्या गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तशी. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "तुम्हाला अजून काही झालेलं नाही, हेच महत्त्वाचं आहे. झाल्यावर सगळेच धावतात. आत्ता हातात आहे. ही गोळी रोज घ्या, चालायला लागा, आणि ताट बदला. तेल-तूप-मीठ कमी, तळलेलं, पापड, फरसाण बंद, भाज्या-कडधान्यं-भाकरी जास्त." आणि मग माझ्याकडे बघून, "हे तुमच्या हातात आहे." मी मान हलवली. बाहेर आल्यावर गोरक्ष म्हणाला, "बघ, काही झालेलं नाही म्हणाली." तिच्या सगळ्या बोलण्यातलं एवढंच त्याच्या कानात शिरलं होतं.

काही झालेलं नाही, हीच तर खरी अडचण आहे. झालं असतं तर सगळं सोपं होतं. सासरचे-माहेरचे गाड्या करून आले असते, फळांच्या पिशव्या आल्या असत्या, त्याला उठूसुद्धा दिलं नसतं, आणि मी बिनतेलाची भाजी वाढली असती तर सगळ्या बायांनी मला किती करते म्हणून वाखाणलं असतं. आता मी तीच भाजी वाढते तर मी नवऱ्याला उपाशी मारणारी बाई. हा माणूस भरलेला सिलिंडर एका हाताने उचलतो. जिना चढताना दम लागत नाही, लागला तरी सांगत नाही. मी घरी कपडे शिवते, शाळेचे युनिफॉर्म, ब्लाऊज. माणसाची मापं माझ्या बोटांना समजतात. दर दिवाळीला मी त्याच्या पॅन्टची कंबर उसवते आणि आत दाबून ठेवलेलं कापड सोडते. गेल्या दिवाळीला सोडायला कापडच उरलं नव्हतं. ती उसवलेली पॅन्ट मांडीवर घेऊन मी बसले होते. भीती वाटली, सरळ भीती. ती मी कोणाला सांगितली नाही. त्याला सांगितली तर तो हसला असता.

मग मी ताट बदललं. पाच लिटरचा तेलाचा डबा भंगारात दिला आणि छोटी बाटली आणली. डालडा गेला, पापडाची बरणी गेली, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. ज्वारी, नाचणी, मोड आलेली मटकी, मेथी, शेपू, दुधी. दुधीला तर सृष्टीनेसुद्धा, माझ्या पोरीने, नाक मुरडलं. बाबांच्या बाजूने दोन, माझ्या बाजूने मी एकटी. पहिल्या दिवशी गोरक्षने वरणात बोट घातलं, वर काही तरंगतंय का बघितलं आणि म्हणाला, "तेजू, मी मेलो नाही अजून. हे सुतकातलं जेवण कशाला?" मी म्हटलं, "मेला नाहीत म्हणूनच." पण तेव्हा मला माझ्या उत्तराचा नीट अर्थ लागला नव्हता. तो रविवारी सकाळी फिरायला म्हणून जायचा आणि शर्टाला मिसळीचा वास घेऊन यायचा. गंगापूर रोडकडच्या कुठल्याशा मळ्यात संतोष आणि तो, पुढ्यात मिसळ, वर पापड, आणि तर्री मागून मागून घ्यायची. कॉलरवर तांबडा शिंतोडा असायचा. मी तो शर्ट धुवायची आणि काही बोलायची नाही. एकदा बोलले. "कारखान्यात केसाएवढा फरक चालत नाही तुम्हाला, आणि पोटात अख्खी कढई चालते?" तो म्हणाला, "लोखंडाला चव नसते, तेजू."

कापण्यांचा वास फ्रिजवरून खाली उतरत होता. गूळ, बडीशेप, तेल. मलाही तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्या वासाबरोबर नामपूरचं घर आलं, कोंडाजीभाऊजी गेले तेव्हाचं. गोरक्षचा थोरला भाऊ. नामपूरच्या बाजारात कांद्याच्या ट्रॅक्टरमागे उभं राहून मोठ्याने हसणारा, जेवायला बसला की दुसऱ्याच्या ताटातलंही संपवणारा माणूस. सकाळी भजी-पाव खाऊन बाजारात गेला आणि कांद्याच्या ढिगावरच बसला तो उठला नाही. आम्ही पोचलो तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझी सासू सिंधुबाई, स्वयंपाकघरात होत्या. त्या रडत नव्हत्या. भिंतीवरची लोखंडी कढई काढून त्यांनी चुलीशेजारी पालथी घातली, आणि मग बाहेर येऊन रडायला बसल्या. त्यानंतर तेरा दिवस त्या घरात फोडणी नाही, तळण नाही. उकडलेलं वरण, भाकरी, मिठापुरती भाजी. मोठमोठे बाप्ये, ज्यांना तर्रीशिवाय घास उतरत नाही, ते मुकाट खाली मान घालून ते खात होते आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं. पंगतीत वाढताना माझा हात मधेच थांबला होता, आठवतंय. कारण भाऊजींना सटाण्याच्या डॉक्टरने हेच तर खायला सांगितलं होतं. हेच. तेव्हा सगळे हसले होते, "डॉक्टरला काय, त्याच्या बायकोला स्वयंपाक येत नसेल." ज्याने खायचं होतं तो गेला, आणि आम्ही सगळे बसून त्याचं पथ्य पाळत होतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि तेराव्याला? गाडीच्या चाकाएवढ्या कढईत पुऱ्या आणि बुंदी. गावाने पोटभर जेवून माणसाला निरोप दिला. त्या घरात आता दोन फोटो आहेत, सासऱ्यांचा, म्हणजे सहादूमामांचा, आणि भाऊजींचा. दोघांचेही केस पुरते पिकलेले नाहीत. शेजारी भिंतीवर जागा आहे. ती जागा मला दर वेळी दिसते. बाकी कोणाला दिसते की नाही, माहीत नाही.

बेल परत वाजली. मला वाटलं वहिनी ताटली मागायला आल्या. दारात आत्याबाई होत्या, डोक्यावर पदर, पदरावर पावसाचे थेंब, खांद्याला पिशवी आणि बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. मी वाकून पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला आणि चपला काढता काढताच त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "आखाड सरी राहिना, आन मना पोऱ्यानं घर कोरडं." म्हणजे फोन गेला होता. मी गोरक्षकडे बघितलं. तो टीव्हीचा आवाज कमीजास्त करण्यात फार गुंतला होता. गोणपाट सोडलं तर आत तीच कढई, भिंतीवरची. पिशवीतून गूळ निघाला, कणीक निघाली आणि तेलाचा कॅनही निघाला. तेलसुद्धा गावाहून आणलं होतं, म्हणजे माझ्या घरात ते मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ऐंशीला टेकलेली बाई, एस.टी.त उभी राहून, नामपूरहून नाशिकपर्यंत लोखंडाची कढई बगलेत मारून आली होती. मला राग आला आणि रागाच्या आत कुठेतरी त्यांचं कौतुकही वाटलं. असा हट्ट माझ्याकडे हवा, असं वाटलं. मग वाटलं, आहे की.

चहा झाल्या झाल्या त्यांनी परातीत गूळ भिजवला. कणीक मळताना त्यांचे हात बघण्यासारखे असतात, सुरकुतलेले पण भक्कम. मी गॅसपुढे उभी राहिले. जशी फ्रिजपुढे उभी राहिले होते तशीच. आज दिवसभर मी कशाच्या ना कशाच्या पुढे उभीच होते. "आत्याबाई, तळण नको," मी म्हटलं. "यांना डॉक्टरने बंद केलंय. तुम्हाला फोनवर सांगितलं होतं मी." त्या मळत राहिल्या. "एक दिवसनं काय व्हस? देवीनं शे. ज्या घरमा आखाडनी कढई चढत नही, त्या घरमा मानूस टिकत नही." मी म्हटलं, "तुमच्या घरात दर वर्षी चढली." हे मी बोलले. बोलून गेले. परातीतले हात थांबले. हॉलमध्ये टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला, म्हणजे तिकडेही ऐकू गेलं होतं. आत्याबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात, अगदी सरळ, म्हणाल्या, "तू जित्या मानूसनं सुतक पाळी राहिनी."

माझ्या अंगातून काहीतरी सरसरून वर आलं. पाडव्यापासून, नाही, त्याच्याही आधीपासून, त्या उसवलेल्या पॅन्टपासून जे साठलं होतं ते. "हो, पाळते," मी म्हटलं. "जित्या माणसाचंच पाळते. मेल्यावर पाळून कोणाला काय मिळालं? कोंडाजीभाऊजींच्या नावाने आपण तेरा दिवस बिनफोडणीचं खाल्लं ना? तेच तेरा दिवस ते असताना त्यांच्या ताटात वाढले असते तर? तेव्हा सगळ्यांना हसू आलं. पथ्य करायचंच आहे ना आपल्याला, लाजेकाजेने का होईना? मग मी आधी करते. सुतक आधी फेडून टाकते. मग कोण काय म्हणतं ते म्हणू दे, माझ्या टिकलीकडे बघायचं तर बघू दे. मी या घरात नंतरचं सुतक पाळणार नाही." माझा आवाज चढला होता. सृष्टी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती, मोबाईल हातात तसाच. मला थांबता येत नव्हतं, आणि थांबायचंही नव्हतं.

आत्याबाई ओट्याला धरून खाली बसल्या. कणकेचे हात मांडीवर, उताणे. मला वाटलं आता रडतील, नाहीतर शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "मी दोनदाव कढई पालथी घाली वं. एकदाव धनीसाठे, एकदाव कोंडूसाठे. तिसरांदाव मन्हाकडथून व्हवाव नही." बस, एवढंच. दोनदा घातली, तिसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही. म्हणून ही बाई कढई बगलेत मारून आली होती. तिच्या लेखी कढई चढलेली म्हणजे माणूस असलेलं, पालथी म्हणजे गेलेलं. मी कढई चढवत नव्हते, म्हणजे मी तिचं तिसरं माणूस ओढून नेत होते. आणि माझ्या लेखी नेमकं उलटं. आम्ही दोघी एकाच माणसाला दोन्ही हातांनी धरून दोन बाजूंना ओढत होतो, आणि तो माणूस बाहेर टीव्ही बंद करून बसला होता. मला त्यांची दया आली. रागही गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं हे मला तेव्हाच समजलं.

मी गॅसपुढून बाजूला झाले. हरले म्हणून नाही. त्यांच्या हातून आणखी एकदा कढई पालथी व्हावी असं मला नको होतं, एवढंच. "तळा," मी म्हटलं. त्या बघत राहिल्या. मग उठल्या, गॅस पेटवला, कढई ठेवली, तिला हळदीकुंकू लावलं. कापण्या तेलात पडल्या तसा वास उठला, खिडकीतून बाहेर गेला, समोरच्या दाराखालून आत शिरला असणार. इमारतीला एकदाचं समजलं की आमच्याकडे कोणी गेलेलं नाही. शेजारच्या शेगडीवर मी माझा स्वयंपाक करत होते. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, शेपूची भाजी. दोघींच्या कोपरांचा एकमेकींना धक्का लागत होता. कापण्यांचा ढीग कागदावर वाढत होता, आणि त्यातली एकसुद्धा त्यांनी तोंडात टाकली नाही. गूळ बरोबर पडलाय का बघायलासुद्धा नाही. बोटांनीच दाबून बघत होत्या.

जेवायची वेळ झाली तशी त्यांनी सवयीने पहिलं ताट गोरक्षचं घेतलं आणि कापण्या, तिखट पुऱ्या त्यात लावायला लागल्या. मी विचारलं, "तुम्हाला काय वाढू?" "मले तळेल नको. मले भाकर दे, दाळनं पानी दे, कांदा दे." अगदी सहज. मी म्हटलं, "का? सोसत नाही?" त्या हसल्या, दात नसलेलं हसू. "कधी खादंच नही. आमनापावत कोठे पुरे ते?" आणि ताट लावता लावता सांगत गेल्या, तक्रार म्हणून नाही, आपलं सांगायचं म्हणून. आधी बाप्ये, मग पोरं, मग शेजारी वाटायचं. बाया मागाहून. रश्श्यावर तर्री यायची ती वरच्या वर पळीने काढून धन्याच्या वाटीत, मग कोंडूच्या, मग गोरक्षच्या. तोवर खाली नुसतं पाणी उरायचं, त्यात भाकर चुरून त्या खायच्या. तूप पाहुण्यांना. भजी बाप्यांना. कांदा, मिरचीचा ठेचा, रानातली भाजी, ताक, हे बायांचं. आणि दिवसभर कांद्याचं वावर तुडवायचं. मी हातातलं उलथणं खाली ठेवलं. ऐंशी वर्षांची ही बाई अजून कठडा न धरता जिना चढणारी. हिची नणंद अजून आहे. हिची जाऊ अजून आहे. बाप्ये फोटोत. प्रेम म्हणून पळीपळीने वरची तर्री ज्यांना वाढली ते गेले, आणि ज्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही त्या बसल्या आहेत. माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं, फार वाईट वाक्य, आणि खरं. ते बोलले असते तर ही बाई इथेच, माझ्या ओट्यापाशी, मोडली असती. मी ते बोलले नाही. तिने वाईट काय केलं होतं? जे चांगलं समजत होती ते दिलं होतं, स्वतःच्या तोंडातलं काढून दिलं होतं.

मी त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं. "आज मी वाढते," मी म्हटलं. "आज बाया आधी." चटई टाकली. आत्याबाईंना मधे बसवलं, एका बाजूला सृष्टी, एका बाजूला मी. कापण्यांची परात आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली, सगळीच्या सगळी. "देवीला दाखवलं ना? आता तुम्ही खा. तुमचा आखाड." त्या गडबडल्या. "पोऱ्याना आधी मी?" मी म्हटलं, "हो." गोरक्ष दारात येऊन उभा होता, लग्नाच्या पंगतीत जागा न मिळालेल्या माणसासारखा. त्याच्यासाठी मी वेगळं ताट वाढलं होतं. भाकरी, मुगाचं पातळ वरण, शेपू, कांदा, वाटीभर ताक. ते मी त्याच्या हातात दिलं. "हे कुणाचं?" त्याने विचारलं. "तुमच्या आईचं," मी म्हटलं. "याच ताटावर त्यांनी ऐंशी वर्षं काढली. तुमच्या घरात बाप्यांना हे ताट कधी मिळालंच नाही. आज मिळतंय. बसा आणि खा."

तो हसला नाही. मी त्याच्या हसण्याची वाट बघत होते, उत्तर तयार ठेवून, पण तो हसला नाही. खाली बसला, ताट मांडीपुढे घेतलं, आईकडे बघितलं. आत्याबाईंनी एक कापणी उचलली होती. आयुष्यभर त्यांनी त्या किती तळल्या असतील, पण कढईतून निघालेली गरम कापणी स्वतःच्या तोंडात घालण्याआधी त्यांनी ती दोनदा उलटसुलट करून बघितली. दात नाहीत, म्हणून गालात ठेवून बराच वेळ चघळली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं नाही. म्हणाल्या, "गोड शे." सृष्टीने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणि त्याच वेळी गोरक्षचा हात, अगदी सवयीने, त्याच्याही नकळत, परातीकडे आला. मी काही बोलणार तोच आत्याबाईंनी आपला तळहात परातीवर आडवा धरला. "थांब रे," त्या म्हणाल्या. "बाया जेवी राहिन्यात." तो थांबला. हात तसाच हवेत. त्या पुढे म्हणाल्या, आवाज जरा कापरा पण शब्द पक्के, "आखाड व्हयना. कढई चढनी. आते तू भाकर खा." त्याने हात मागे घेतला. कांदा मुठीने फोडला, भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. सगळं खाल्लं, ताकसुद्धा प्यायला. उद्या परत भांडण होईल, रविवारी परत शर्टाचा वास घ्यावा लागेल, हे मला ठाऊक आहे. एका जेवणाने कोणाच्या नसा साफ होत नाहीत. पण उद्याच्या भांडणात मी एकटी नसेन.

कढई गार झाल्यावर मी ती घासली. पालथी घातली नाही. खिळा नव्हता, म्हणून गॅसच्या शेजारीच भिंतीला टेकून उभी ठेवली, तोंड पुढे करून. आत्याबाईंनी ते बघितलं आणि मान हलवली. मग मला वहिनींची ताटली आठवली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. त्यांच्या कापण्या मी आत्याबाईंच्या परातीत रिकाम्या केल्या आणि ताटली धुऊन तिच्यात मोड आलेल्या मटकीची उसळ भरली. तेल नावाला, वर लिंबू आणि कोथिंबीर. समोरचं दार वाजवलं. अंजलीवहिनी आल्या, त्यांच्या मागे त्यांचे मिस्टर खुर्चीत बसलेले, पोट मांडीवर टेकलेलं, हातात फरसाणाची वाटी. वहिनींचा चेहरा खुलला होता. "आला बाई वास आज," त्या म्हणाल्या. "मला उगाच काळजी लागली होती." मग त्यांनी ताटलीवरचं झाकण उचललं, उसळ बघितली, माझ्याकडे बघितलं. "हे काय? हे तर सुतकातल्यासारखं."

"सुतकच आहे, वहिनी," मी म्हटलं. "यापुढे रोज पाळणार आहे. पण गेलं कोणी नाही."

आणि ताटली त्यांच्या हातात पूर्ण देऊन मी घरी आले.